पाचशेच्या नोटेचा खटला

नागपूरहून नांदेडला जाताना वारंगा फाट्यावर गाडी थांबवायची, खिचडी खायची आणि ताट उचललं जाईपर्यंत मराठवाड्यातल्या लोकशाहीचा निकाल लावून पुढं निघायचं, अशी विचारवंतांची एक जात आहे. त्यातल्याच एका गृहस्थांचा लेख परवा वाचनात आला. नाव सांगत नाही. सांगून त्यांना आणखी चार व्याख्यानं मिळवून देण्याची माझी इच्छा नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नेते बिघडले, कारण मतदार बिघडला. इथला माणूस पाचशे रुपयांत आणि मटणाच्या पंगतीत मत विकतो. एकदा विकल्यावर मालकी कसली? मग आमदार इकडचा तिकडे गेला, निवडणुका रखडल्या, यादीत घोळ झाला, तरी त्यानं कुरकुर करू नये. शहाण्यांनी मात्र 'नोटा'चं बटण दाबावं, नाहीतर घरी बसावं. आणि लेखाच्या शेपटाला, हळूच, मत द्यायला थोडी शैक्षणिक अट असायला काय हरकत आहे, अशी पृच्छा.

पैसे वाटले जातात हे मी नाकारत नाही. मतदानाच्या आदल्या रात्रीला आमच्याकडे 'कत्तल की रात' म्हणतात. हेडलाइट बंद ठेवून मोटारसायकली फिरतात. हातात मतदारयादीची झेरॉक्स असते, नावांपुढं पेनानं खुणा असतात : आपला, त्याचा, काठावरचा. घरात मतं किती, तेवढी पाकिटं. हे सगळं गृहस्थांनी पाहिलंय. फक्त पाकीट घेणारा हात त्यांना दिसला, देणारा दिसला नाही. खिचडीच्या टेबलावरून तेवढंच दिसत असावं.

आता जरा हिशेब मांडू. विधानसभेच्या मतदारसंघात तीन लाख मतदार धरा. त्यातल्या निम्म्यांना पाचशे म्हणजे साडेसात कोटी. उमेदवाराला कायद्यानं परवानगी आहे ४० लाखांची. म्हणजे ज्या घरात आठवड्याचा किराणा उधारीवर येतो तिथल्या बाईनं पाचशे घेतले तर ती लोकशाहीची मारेकरी. आणि मर्यादेच्या अठरापट रक्कम एका रात्रीत रोख बाहेर काढणारा माणूस या लेखात कुठंच नाही! ही रोकड कोणत्या टेंडरातून आली, कोणत्या रस्त्याच्या डांबरातून वाचवली, यावर एक ओळ नाही. बरं, देणारा लपूनछपून बोलतो असंही नाही. बाहेरगावी गेलेल्या मतदारांच्या याद्या करा, गाड्या करा, त्यांना 'फोन पे' करू, असं २०२४ च्या विधानसभेआधी आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी मतदारसंघात जाहीर सभेत माइकवरून बोललं गेलं आणि त्यावर गुन्हाही नोंदवला गेला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांना आमच्या आमदारांनी सांगितलं होतं, आईबापांनी मला मत दिलं नाही तर दोन दिवस जेवू नका. ही पोरं गृहस्थांच्या हिशेबात विकलेली धरायची की उपाशी?

कायदा देणारा आणि घेणारा दोघांनाही दोषी धरतो, वर्षभराची कैद होऊ शकते. गंमत म्हणजे लाच नुसत्या खाण्यापिण्याची असेल तर फक्त दंड. पंगतीची सोय कायद्यानं केलेली आहे. ती काही शेतमजुरांनी मागितली नव्हती.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. मत खरंच विकलं जातं का? कापूस वेचायला जाणाऱ्या एका बाईला विचारलं, पैसे घेतलेस, मग मत कुणाला दिलंस? ती म्हणाली, "दोघायचे बी घेतले. आता दोघायला कसं देऊ? मंग मनानंच दिलं." तिला कलम पाठ नाही, पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली मतदानाची गुप्तता तिला गृहस्थांपेक्षा नीट कळलेली आहे. ज्या व्यवहारात माल पोचला की नाही हे गिऱ्हाइकाला कधीच तपासता येत नाही, त्याला विक्री म्हणत नाहीत. देणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून तर देवाच्या शपथा घालतात, भंडारा उचलायला लावतात, केंद्राच्या दारात खुर्च्या टाकतात. २ डिसेंबर २०२५ ला हिंगोली नगरपरिषदेच्या मतदानात एका विद्यमान आमदारावर केंद्रात जाऊन गुप्ततेचा भंग केल्याच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला. मत घेतलेल्या पैशाला जागत असतं, तर यंत्राजवळ कुणी कशाला घोटाळलं असतं?

उलट, मत देऊन झाल्यावर ते कुठं जातं ते पाहा. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, तेव्हा महिनाअखेर आमच्या आमदारांनी निष्ठेसाठी लोकांसमोर अश्रू ढाळले. ४ जुलैला, विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी, ते दुसऱ्या बाजूला बसले. पक्षांतरबंदी १९८५ पासून आहे, २००३ मध्ये ती आणखी आवळली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला, विधानसभाध्यक्षांचा १० जानेवारी २०२४ ला, आणि दोन्ही गटांतलं कुणीही अपात्र ठरलं नाही. पाचशे घेणाऱ्या बाईला वर्षाची कैद, आणि तिचं मत घेऊन बाक बदलणाऱ्याला पुढची उमेदवारी!

जिल्हा परिषदेचंही तेच. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. निवडणुका जाहीर करा हे ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तीन वर्षं लोकांकडं मतच नव्हतं, मग ते विकलं कुणी?

इथं गृहस्थ म्हणतील, सरपंचपदाचे लिलाव झाले, ते कुणी केले? झाले. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, नंदुरबारमधल्या खोंडामळीत ४२ लाखांवर. राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये दोन्हीकडची निवडणूक रद्द केली, हे बरंच झालं. पण दोन कोटींची बोली कोण लावतो? ज्याच्याकडं दोन कोटी आहेत तो. लिलावात मतदाराला पाचशेही मिळत नाहीत. त्याला मत द्यायलाच मिळत नाही. आणि 'बिनविरोध गाव, आदर्श गाव' असले लेख वर्षानुवर्षं कोण लिहितं, हेही आम्ही विसरलेलो नाही.

आता विकलेल्या मतदाराचं हिंगोलीतलं प्रगतिपुस्तक बघा. १९९१ पासून या लोकसभा मतदारसंघानं एकाही खासदाराला लागोपाठ दोनदा निवडून दिलेलं नाही. २०१४ मध्ये देशभर लाट होती, राज्यात काँग्रेसच्या हाती नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा लागल्या. हिंगोलीत राजीव सातव १,६३२ मतांनी आले. उमरखेड, किनवट, हदगाव, वसमत, कळमनुरी, हिंगोली असे सहा विधानसभा मतदारसंघ, म्हणजे एकेकात पावणेतीनशे मतंसुद्धा नाहीत. असा मतदार विकत घेता आला असता तर इथं एकेका घराण्यानं तीस तीस वर्षं तंबू ठोकले असते.

"मग कळमनुरीनं २०२४ मध्ये त्याच आमदाराला पुन्हा कसं निवडलं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही. लोकांनी निवडलं, बस. दवाखान्याला मध्यरात्री धावून येणारा माणूस, जात, सरकारी योजना, समोरच्याची फाटाफूट, कारणं शंभर असतील. मलाही तो निकाल रुचला नाही. पण न रुचलेला निकाल म्हणजे विकलेला निकाल, ही सवय मला गृहस्थांकडून लावून घ्यायची नाही.

बहिष्काराबद्दल एवढंच, की घरी बसलेल्या शहाण्याच्या गैरहजेरीनं पाकिटाचा भाव वाढतो. आणि 'नोटा' लोकसभा-विधानसभेत पहिल्या क्रमांकावर आला, तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारच गुलाल उधळतो.

शैक्षणिक अटीचं टुमणं जुनं आहे. साउथबरो समितीसमोर १९१९ मध्येच डॉ. आंबेडकरांनी मताधिकाराचं दार उघडायचा आग्रह धरला होता. आमच्या आजोबांनी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य पाहिलं आणि १९५२ मध्ये, अंगठा उठवणाऱ्या हातानं, पहिल्यांदा मत दिलं. त्यांच्याकडं पदवी मागायला तेव्हा कुणी आलं नाही. आलं असतं तर त्या काळच्या लोकांनी काय केलं असतं, ते इथं छापता येणार नाही. शिवाय बाक बदलणारे बहुतेक पदवीधर असतात.

असो. एवढं झोडपल्यावर तुमचं काय ते सांगा, असं कुणी म्हणेल. माझ्याकडं मोठी योजना नाही, कागदाचं एक काम आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला राज्यात पाच वाजता मतदान ५८.२२ टक्के सांगितलं गेलं आणि अंतिम आकडा ६६.०५ झाला. केंद्रीय निवडणूक आयोग म्हणतो, पाचचा आकडा अंदाजाचा आणि सहानंतरही रांगा होत्या. लोकांना शंका. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं ३ डिसेंबरला गावातच कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं, तर जमावबंदी लागली. गावानं मागितलं ते कायद्यात बसत नव्हतं हे खरं. पण जे कायद्यात बसतं तेही आपण मागत नाही. मतदान संपल्यावर केंद्रावर किती मतं नोंदली गेली त्याचा नमुना १७-सी केंद्राध्यक्षानं हजर एजंटाला द्यायचा असतो. आमच्याकडचे एजंट डब्याची वेळ झाली की उठतात. जे थांबतात ते कागद शर्टाच्या खिशात घालतात आणि शर्ट धुण्यात जातो. फाट्याच्या परिसरातल्या गावांत दर केंद्रावर एक पोरगा किंवा पोरगी शेवटपर्यंत बसली, प्रत घेतली, फोटो काढला आणि मोजणीच्या आकड्याशी ताडून एका फायलीत लावली, तर अंतिम आकडा बरोबर आहे की नाही ते किमान आपल्या तालुक्यापुरतं दाखवता येईल. यादीचा मसुदा निघाला की गावात मोठ्यानं वाचावा, मेलेल्यांची आणि दुबार नावं जागेवर सांगावीत, हेही त्यातच आलं.

निवडणूक याचिकेला मुदत पंचेचाळीस दिवसांची. याचिका नसेल तर तेवढ्याच दिवसांनी चित्रीकरण नष्ट करावं, अशी सूचना आयोगानं ३० मे २०२५ ला काढली आहे. म्हणजे फाइल निकालाच्या आठवड्यातच बांधून तयार हवी.