बिबट्यापासून वाचवणारा गळपट्टा: जास्त पैसे मोजले की जास्त सुरक्षा मिळते का?

शेतात खुरपणाऱ्या बायका आणि त्यांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे. नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे हे फोटो तुमच्याही मोबाइलवर आले असतील. त्याआधीच्या काही आठवड्यांत या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला होता, त्यात दोन मुलं होती. पुढे वनविभागानंही असे पट्टे वाटले.

प्रश्न एकट्या पिंपरखेडचा नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात. आंबेगावातल्या शिनोलीच्या वरच्या अंगाला डिंभे धरण आहे. त्याचं पाणी कालव्यांनी खाली गेलं, ऊस वाढला आणि बिबट्याला लपायला आयती जागा झाली.

पट्टा गळ्यातच का? बिबट्या दबा धरून येतो आणि मान पकडतो. वाकून काम करणारा माणूस त्याला बुटका दिसतो. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधत आलेत, तोही याच कारणासाठी. म्हणजे कल्पना जुनीच, फक्त ती माणसाच्या गळ्यात आली. (आपल्याच शेतात कुत्र्याचा पट्टा घालून जावं लागणं किती अपमानाचं, ते वेगळं सांगायला नको.)

मग केव्हलारचं जॅकेट किंवा सेन्सरवाला पट्टा घ्यावा का? केव्हलार कापलं जाण्याला चांगलं तोंड देतं. सुळा मात्र कापत नाही, भोसकतो. त्यासाठी फार घट्ट विणीचं किंवा टणक कवच लागतं. ते जड होतं, उन्हात उकडतं आणि दुसऱ्या आठवड्यात खुंटीला लागतं. शिवाय बिबट्याच्या धडकेनं माणूस खाली पडतो, ते कुठलंच कापड थांबवत नाही.

सुंदरबनचा अनुभवही बघण्यासारखा आहे. 1986 मध्ये तिथं जंगलात जाणाऱ्यांना डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले. सुरुवातीला वाघ बिचकले, पुढे त्यांना हा खेळ कळला. म्हणून चार महिने हल्ला झाला नाही, एवढ्यावरून पट्टा चालला असं म्हणता येत नाही.

हाताशी असलेला साधा, हलका पट्टा खुरपताना जरूर घालावा. पण त्याच्या महागड्या आवृत्तीसाठी घरातले पैसे घालण्यात अर्थ नाही. अंगणात खेळणारं चार-पाच वर्षांचं पोर खिळ्यांचा पट्टा दिवसभर घालणार नाही, आणि सगळ्यात जास्त धोका त्यालाच आहे. तेच पैसे गोठ्याची जाळी आणि घरामागच्या दिव्यावर घातले, तर ते सगळ्या घराच्या कामी येतात.

शेतीची वीज मात्र घरच्या पैशानं बदलत नाही. ती पाळीपाळीनं रात्री येते, आणि दारं धरायला उसात अंधारातच उतरावं लागतं. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 सुरू आहे. शिनोलीसारख्या गावानं पट्ट्याच्या किमतीआधी आपल्या फीडरचा नंबर कधी लागतो, हे विचारावं.