व्यवसाय : काही नाही

मृत्यूनोंदणीच्या फॉर्मात मयताच्या व्यवसायाचा रकाना असतो. आजी गेली तेव्हा आमच्या एका नातेवाइकाने तिथे पटकन लिहून टाकलं, "काही नाही". त्यांचं काही चुकलं नाही म्हणा, सरकारही तेच म्हणतं. पण माझं डोकं सटकलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

शीव कोळीवाड्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत तिने पन्नास वर्षं काढली. (आमच्या कोळीवाड्याचं नाव कोळंबीमुळे कुठल्या कुठल्या मेन्यूकार्डांवर आहे. स्टेशन मात्र आता गुरु तेग बहादूर नगर!) पहाटे चारला नळाला पाणी यायचं, ते भरणं तिचं. आजोबा परळच्या गिरणीत. त्यांची पाळी बदलली की हिची झोप बदलायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पगार बंद. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले हे आपण वाचलेलं असतं. त्यांच्या घरी चूल कशी पेटत होती? आमच्याकडे रेशनचा तांदूळ, सुकट आणि आजीच्या बांगड्या यांवर पेटली. शेवटच्या दोन बांगड्या तिने पोरांच्या शाळेसाठी ठेवल्या होत्या, त्याही गेल्या. आपल्याकडे मध्यरात्री सर्व्हर बघायला उठलं तर ऑन-कॉल अलाउन्स मिळतो, दुसऱ्या दिवशी मॅनेजर मेल टाकून कौतुकही करतो.

आता जनगणनेची गंमत बघा. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बाया 'काम न करणाऱ्यां'मध्ये, भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने यावर चांगलंच सुनावलं. आणि त्याच जनगणनेच्या नियमात घरच्यापुरतं दूध काढणं हे मात्र काम! म्हणजे म्हशीचं दूध काढलं तर तुम्ही कामगार, तेच दूध तापवून विरजण लावलं, ताक केलं, तूप कढवलं तर तुम्ही बसून खाता. हे लॉजिक कोणी कोडमध्ये लिहिलं असतं तर रिव्ह्यूमध्येच उडालं असतं.

१९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून बरीच माणसं गेली, त्यात बायका-मुलं पुष्कळ. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईसाठी ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाचं मोल वर्षाला ३६,००० रुपये धरलं. ६२ ते ७२ वयाच्या बायकांचं २०,०००. तेही वाढवून, आधी १०,००० च होतं. म्हणजे दिवसाला पंचावन्न रुपये. म्हातारी झाली की काम कमी होतं, असा हिशोब असावा. आमच्याकडे उलटं झालं. साठीनंतर आजीवर आम्ही तीन नातवंडं पडलो, आणि म्हणून आई नोकरी करू शकली. त्या नोकरीतून माझी इंजिनिअरिंगची फी गेली.

सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. आणि ८८ सुद्धा जे करतात त्यांचे हं, बाकीचे सोफ्यावर.

मला सरकारपेक्षा जास्त राग येतो तो 'त्यागमूर्ती' म्हणणाऱ्यांचा. तेराव्याला चारजण उठून तेच बोलले. अन्नपूर्णा, माउली, कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. अहो, मागितलं होतं! गुडघे दुखायला लागल्यावर तिने पाणी भरायला कुणीतरी उठा म्हणून कितीदा सांगितलं. तेव्हा सगळे झोपेत होते. देवी म्हटलं की उठायला नको, असा सोयीचा प्रकार आहे हा.

आणि आपण दोघं कमावणारे काय वेगळं करतोय? बाळ झालं की आईला गावाहून किंवा चाळीतून बोलावून घ्यायचं, सकाळी आठ ते रात्री आठ. पाळणाघराची फी वाचते. ती वाचलेली फी दरमहा तिच्या खात्यात टाका, रविवारी तिला पूर्ण सुट्टी द्या. माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर म्हणे, "आईच्या प्रेमाची किंमत करतोस?" प्रेमाचं कोण बोलतंय रे? बारा तासांचं बोलतोय.