फाशी काकडीला, जंतू मोकळा!

शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, असा न्यायदानाचा दंडक आहे. अन्नातील विषबाधेच्या बाबतीत मात्र तोही अपुरा पडतो. कारण येथे निरपराध्याला शिक्षा होत असतानाच खरा अपराधी नवे बळी घेत हिंडत असतो.

2011 च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ती अतिसाराची साथ उसळली. ‘ई. कोलाय’ जंतूच्या एका भयंकर वाणाने माणसांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. 26 मे रोजी हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकडीवर बोट ठेवले आणि स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल जागच्या जागी कुजला. पाच दिवसांनी निघाले काय? काकडीवर जंतू होते. पण ते साथीचे नव्हेत! 10 जूनला दोष मोड आलेल्या कडधान्यांवर निश्चित झाला आणि पुढे माग लागला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. साथ ओसरेपर्यंत जर्मनीत सुमारे 3800 माणसे आजारी पडली, 50 हून अधिक दगावली. आणि युरोपीय संघाला भाजी-उत्पादकांसाठी 21 कोटी युरोंची तरतूद करावी लागली.

तेव्हा ‘जंतू सापडला’ एवढ्याने भागत नाही. तो कोणता, हे कळले पाहिजे. हे सांगण्याचे सामर्थ्य आज डीएनए तपासणीत आहे. नमुन्यातील जंतू रात्रभर वाढवून घेतले की पीसीआर यंत्र काही तासांत त्यांची जात सांगते. जंतूची संपूर्ण जनुकीय लिपी वाचली, तर रोग्याच्या पोटातील जंतू आणि कारखान्यातील जंतू एकाच कुळातले की नाहीत, हेही ठरते. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 साली लिस्टेरियाने 200 हून अधिक बळी घेतले, तेव्हा याच पुराव्याने मांसाचा एक कारखाना पकडून दिला.

जे अन्नाचे तेच पशुखाद्याचे. 1970 च्या सुमारास पेरू देशातून आलेल्या मासळीच्या भुकटीतून साल्मोनेलाचा एक प्रकार कोंबड्यांच्या खाद्यात आणि तेथून इंग्लंड-अमेरिकेतील माणसांच्या ताटात पोहोचला होता.

ही तपासणी म्हणजे जादूची कांडी नव्हे. पीसीआरला मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो. म्हणून जिवंत जंतू वाढवून खात्री करण्याची जुनी रीत सोडता येणार नाही. परंतु आपल्याकडे काय आहे? 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने अन्न विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवसांची मुदत दिली आहे. दूध, पनीर, मटण चौदा दिवस वाट पाहत बसते काय? अहवाल येतो तोवर माल पोटात गेलेला असतो!

सरकारने प्रत्येक विभागात डीएनए तपासणीची सोय असलेली प्रयोगशाळा उभारावी, तीत शिकलेली माणसे नेमावीत, जीवघेण्या जंतूंसाठी अहवालाची मुदत दिवसांवरून तासांवर आणावी आणि निष्कर्ष जनतेपुढे ठेवावेत. ग्राहकाचा जीव आणि प्रामाणिक शेतकऱ्याची अब्रू, दोन्ही त्यातच सुरक्षित आहेत. जंतू चौदा दिवस थांबत नाही. सरकारनेही थांबू नये!