परसबाग केवळ भाजीपुरती नसावी

परसबाग म्हटली की मेथीचा वाफा, वांग्याची चार झाडे, मांडवावरचा दोडका आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. ही कल्पना चुकीची नाही, परंतु अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. येवले तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागात घरामागच्या गुंठा-दोन गुंठ्यांचा विचार करताना तेथे माणसाखेरीज आणखी कोण जगते, हेही पाहावयास हवे. ते पाहण्याचे पहिले कारण भूतदया नसून कांद्याचे बी हे होय.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ कांदा उत्पादक बी घरचेच धरतात. पावसाळा सरल्यावर निवडक कांदे लावावयाचे, माघ-फाल्गुनात डोंगळ्यांवर गोंडे फुलावयाचे आणि उन्हाळ्यात बी झाडून घ्यावयाचे, असा हा क्रम आहे. कांद्याचे बी फार दिवस टिकत नाही. वर्षभरातच त्याची उगवणशक्ती वेगाने उतरते. म्हणजे एका हंगामात बी फसले तर पुढल्या हंगामात ते विकत घेणे आले, आणि विकतच्या बियाणाची खात्री कोणी द्यावी?

आता गोंड्याकडे नीट पाहावे. एका गोंड्यात शेकडो फुले असतात व ती एकदम न उमलता काही दिवस उमलत राहतात. प्रत्येक फुलातील पराग आधी गळतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर पोहोचविणारा कोणीतरी लागतो. हे काम वाऱ्याने फारसे होत नाही. ते माश्या करतात. आग्या, सातेरी व झुडपात लहानसे पोळे बांधणारी फुलोरी, या आपल्या परिचयाच्या मधमाश्या त्यात प्रमुख होत. माशी फिरकली नाही, तर गोंडा दिसावयास भरदार, परंतु आत बोंडे पोकळ, असा प्रकार होतो. शेतकरी मग हवामानाला किंवा खताला दोष देतो.

येथे एक बारकावा सांगणे अवश्य आहे, कारण उत्साही कार्यकर्त्यांकडून तो सुटतो. कांद्याच्या फुलातील मकरंद मधमाशीला विशेष आवडीचा नसतो. त्यात पालाशाचे प्रमाण अधिक असते. शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर ऐन भरात फुलली असेल, तर माशी कांदा सोडून तिकडे जाते. यास्तव “भरपूर फुले लावा” हा सरसकट उपदेश डोंगळ्यांच्या शेजारी उपयोगाचा नाही. परसात दोन-चार रोपे फुलली तर बिघडत नाही. मोठा पट्टा मात्र त्याच पंधरवड्यात फुलू देऊ नये. परसबागेचे व बांधाचे खरे काम उरलेल्या महिन्यांत आहे. माशी माघात यावी असे वाटत असेल, तर ती आधीचे दहा महिने जगली पाहिजे.

त्यासाठी महागडी रोपे आणावयास नकोत. पावसाळ्यात दोडका, कारले, भोपळा फुलतातच. पुढे बांधावरची बोर फुलते. हिवाळ्यात शेवगा आहे. चैत्रात कडुनिंब आणि त्यानंतर करंज, ही दोन झाडे तर उन्हाळ्याच्या तोंडी माशीचा आधारच म्हणावीत. तुळस बहुतेक वर्षभर मंजिऱ्या धरते. लिंबू, कढीपत्ता, दाराशी झेंडू, एवढ्याने साखळी पुरी होते. उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवावे, म्हणजे माशी बुडत नाही. बांध मात्र तणनाशकाने जाळून उघडाबोडका करण्याची जी चाल पडली आहे, ती प्रस्तुत लेखकास मुळीच मान्य नाही. स्वच्छ बांध म्हणजे चांगली शेती, हे समीकरण कोणी शिकविले कोण जाणे!

फवारणीविषयी कडक राहावे. डोंगळ्यांवर फुलकिडे पडतात हे खरे. त्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्यापूर्वी करावा. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळावे आणि गत्यंतरच नसेल तर माश्या पोळ्याकडे परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारावे.

आक्षेप येतात, ते टाळून चालणार नाही. झुडपांत साप राहतात, असे गृहिणी म्हणतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे; दाट झुडूप घराच्या भिंतीला न लावता परसाच्या टोकाशी असावे. पाखरे बाजरी खातात, हेही खरे. परंतु तीच चिमणी पिलांना अळ्या भरविते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० सालापासून २० मार्च हा दिवस चिमणी दिन म्हणून पाळला जातो. पण त्या दिवशी टांगलेल्या खोक्यापेक्षा अंगणातली मेंदीची कुंपणी तिला अधिक उपयोगी पडते.

राजापूर-ममदापूरच्या काळविटांचा प्रश्न निराळा आहे. तेथील वनक्षेत्र २०१४ साली संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. तथापि उन्हाळ्यात पाण्यासाठी हरणे वस्तीकडे येतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, विहिरीत पडतात. त्यांच्यासाठी घराजवळ पाणी ठेवणे म्हणजे त्यांना संकटात बोलावणे होय. पाणी वनातल्या पाणवठ्यावर असावे आणि विहिरीला कठडा असावा. पिकाच्या नुकसानीची तक्रार परसबागेने मिटणार नाही, हे शेतकऱ्यांना स्पष्ट सांगावे.

येवले शहरात परस कोठले? विणकराच्या घरात मागालाच जागा पुरत नाही. तेथे गच्चीवरच्या डब्यात तुळस व झेंडू पुरे. पैठणीच्या पदरावर मोर विणणाऱ्या या गावाने संक्रांतीच्या पतंगाला नायलॉनचा मांजा तरी लावू नये; राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली आहे आणि तुटलेला मांजा झाडांत महिनोन्‌महिने पाखरांच्या पंखांना अडकत राहतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या हंगामात एवढे करावे: डोंगळे लावणाऱ्या दहा शेतकऱ्यांची यादी करावी आणि गोंडे फुलल्यावर सकाळी दहाच्या सुमारास प्रत्येक प्लॉटमध्ये पाच मिनिटे उभे राहून एका वाफ्यावर किती माश्या येतात ते मोजावे. तो आकडा व बी निघाल्यावर मिळालेले वजन शेजारी शेजारी मांडून ग्रामसभेत वाचून दाखवावे.