हिरव्या पानाच्या छापावर विसंबू नका

हिरव्या पानाचे चित्र छापले म्हणून पार्सलचा डबा मातीत जिरत नाही. तरीही कितीतरी खानावळी, पोळी-भाजी केंद्रे आणि चहाची दुकाने या चित्रावर भरवसा ठेवून जादा पैसे मोजत आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणूनच त्यांची फसगत अधिक सलते.

महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आली. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला राज्य सरकारने कंपोस्ट होणाऱ्या पदार्थांच्या अशा वस्तूंना मुभा दिली, पण ‘सिपेट’ या केंद्राच्या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेच्या आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राची अट घालून. घाऊक बाजारात मुभा सगळ्यांना ठाऊक आहे, अटीबद्दल मात्र फारसे कुणी विचारत नाही.

या प्रमाणपत्रामागचे मानक आहे आयएस/आयएसओ 17088. वस्तू 12 आठवड्यांत इतकी तुटून बारीक व्हायला हवी, की 2 मिलिमीटरच्या चाळणीवर तिचा दहा टक्क्यांहून जास्त भाग उरू नये. शिवाय तिच्यातल्या कार्बनपैकी किमान 90 टक्के भागाचे 180 दिवसांत सूक्ष्मजीवांनी कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला हवे. खरी मेख पुढे आहे. ही परीक्षा सुमारे 58 अंश तापमानात, हवा आणि ओल सांभाळून घेतली जाते. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात तशी ऊब मिळते. सोसायटीच्या खतटोपलीत ती टिकत नाही आणि कचरा डेपोच्या ढिगात तर हवाच पोचत नाही. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पीएलए हे जैवप्लास्टिक अशा ठिकाणी वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. पीएलएचा पारदर्शक पेला दिसायला थेट पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकसारखा असतो. कचरा वेचणाऱ्या बाईला तो ओळखता येत नाही. तो बाटल्यांच्या भंगारात गेला, तर पुनर्वापराचा माल खराब होतो. त्यातून साधे पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. उकळता रस्सा त्यात ओतला, की डबा वाकतो.

म्हणजे प्रमाणपत्र हवेच, पण डबा शेवटी कुठे जाणार, हेही आधी पाहायला हवे. जिथे ओला कचरा मोठ्या प्रकल्पात जातो आणि तो प्रकल्प अशा वस्तू स्वीकारतो, तिथेच पीएलए घेण्यात अर्थ आहे.

‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ माल तर दारातूनच परत पाठवावा. साध्या प्लास्टिकमध्ये रसायन मिसळून त्याचे लवकर तुकडे व्हावेत अशी ती योजना आहे. तुकडे होतात, पण प्लास्टिक संपत नाही. युरोपीय संघात 2021 पासून अशा वस्तूंवर बंदी आहे.

कागदी कपाबद्दलचा गैरसमज याहून जुना आहे. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून बहुधा पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना 2020 मध्ये आढळले, की अशा कपात 100 मिलिलिटर गरम द्रव 15 मिनिटे ठेवला तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. टपरीवर काचेचा ग्लास असताना हा कप कशासाठी?

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर उसाच्या चिपाडाचे डबे हा बराच चांगला पर्याय आहे. कच्चा माल आपल्याच साखर कारखान्यांत निघतो आणि आत थर नसेल तर ते साध्या कंपोस्टातही जिरतात. मात्र तेल-तर्री झिरपू नये म्हणून जगभर अशा डब्यांत ‘पीएफएएस’ गटातली रसायने वापरली गेली आहेत. ती निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत. डेन्मार्कने 2020 मध्ये कागदी अन्नवेष्टनात त्यांना मनाई केली. अमेरिकेतही अन्नवेष्टनासाठी अशा तेलरोधकांची विक्री थांबल्याचे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केले. विक्रेत्याकडे यासंबंधीचा प्रयोगशाळेचा अहवाल मागायलाच हवा.

पळसाच्या पत्रावळीला आणि द्रोणाला कुठल्याच अहवालाची गरज नाही, फक्त आत चंदेरी अस्तर चिकटवलेले नसावे. कोरडी भाजी, भजी, प्रसाद यांना ती पुरेशी आहेत. रश्शाला नाहीत, हे मान्यच. पण रोज त्याच खानावळीतून जेवण नेणाऱ्या गिऱ्हाइकाला अनामत घेऊन स्टीलचा डबा देता येतो. आणि दुकानात बसून खाणाऱ्याच्या पुढ्यात स्टीलचे ताटच ठेवावे.

हॉटेलवाल्यांनी पुढचा माल घेताना उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक मागून घ्यावा आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीशी ताडून पाहावा. महापालिकांनीही आपला कोणता प्रकल्प कंपोस्टयोग्य डबे स्वीकारतो आणि कोणता नाही, याची यादी प्रभागनिहाय जाहीर करावी. ती नसेल, तर प्रामाणिक व्यावसायिकाने मोजलेले जादा पैसे कचरा डेपोतच जाणार.