लोणारच्या गुलाबी पाण्याविषयी खुलासा

मा. संपादक यांस,


बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झाले, ही वार्ता गतांकातील पत्रलेखकांनी खड्डे, भारनियमन आणि रखडलेली एसटी यांच्या पंक्तीस बसवून राज्याच्या अधोगतीचे लक्षण ठरविली आहे, म्हणून हा खुलासा. उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेले हे सरोवर मुळातच खारे. त्या वर्षी बाष्पीभवनाने पाणी ओसरून क्षारता वाढली, क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून काढला, व ते जीव तळाशी बसताच रंगही उतरला. यात सरकारचा कसूर तो कोणता?

खड्ड्यांविषयीची त्यांची तक्रार मात्र मला सर्वस्वी कबूल आहे. माझी कंबर त्यास साक्ष देईल. परंतु २०२० मध्येच पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत समाविष्ट झालेल्या लोणारच्या या जलाशयात गावाचे सांडपाणी उतरत आले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत हे प्रकरण गेले, आणि पत्रलेखकांना त्याविषयी एक ओळही लिहावीशी वाटली नाही, हे नवल! त्यांनी सांडपाण्याच्या बंदोबस्ताचा अर्ज करावा. दुसरी सही माझी.

आपला,
एक वऱ्हाडी वाचक