विसरभोळेपणा : दोष स्मरणशक्तीचा की लक्षाचा?

गॅसवर दूध ठेवून बाहेर यावे आणि करपल्याचा वास आल्यावर धावत सुटावे. चष्मा डोक्यावर सरकवून तोच घरभर शोधावा. दाराला कुलूप लावले की नाही, या शंकेने बसस्टॉपवरून परत फिरावे. असे प्रसंग घरोघरी घडतात. पहिल्यांदा सगळेच हसतात. तेच वारंवार घडू लागले, की हसण्याची जागा वैताग घेतो. 'तुझं लक्षच कुठे असतं?' हा प्रश्न ठरलेला. आणि जिला तो विचारला जातो, तिच्या मनात एक निराळीच भीती घर करू लागते. ही अल्झायमरची सुरुवात तर नव्हे?

बहुतेक वेळा ही भीती निराधार असते. गंमत म्हणजे, घरच्यांच्या त्या वैतागलेल्या प्रश्नातच पुष्कळदा खरे उत्तर दडलेले असते. लक्ष कुठे असते, हाच मुद्दा आहे.

नोंदच नाही, तर आठवणार काय?

कोणतीही गोष्ट आधी मनात नोंदली जाते, मग टिकते आणि हवी तेव्हा आठवते. रोजचे विस्मरण बहुधा पहिल्याच पायरीवर घडते. हातात भाजीची पिशवी, तेवढ्यात वाजणारा फोन, दारात उभा कुरिअरवाला अशा घाईत किल्ली फ्रिजवर ठेवली जाते. हात सवयीने काम करतो, मन तिथे नसतेच. नंतर किल्ली 'विसरली' असे म्हटले जाते. पण मनात जे नोंदलेच गेले नाही, ते आठवणार कसे?

कुलूप, गॅस, रोजची गोळी यांचेही तसेच. एकच कृती वर्षानुवर्षे केल्यावर तिच्या आठवणी एकमेकींत मिसळून जातात. गोळी घेतल्याचे आठवते, पण ती आजची की कालची, हे सांगता येत नाही.

शिवाय एका वेळी मनात किती गोष्टी मावतात, यालाही मर्यादा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. पुढच्या संशोधकांनी तो चारपर्यंत खाली आणला. आता सकाळी आठ वाजता एखाद्या गृहिणीच्या डोक्यात काय काय असते, ते मोजून पाहावे. मुलीचा डबा, शाळेची फी, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, नळाचे पाणी जाण्याची वेळ, सिलिंडरचे बुकिंग, यजमानांचा न सापडणारा रुमाल आणि नोकरी असेल तर ऑफिसातले अर्धवट काम. साऱ्या घराचे लक्षात ठेवण्याचे काम जिच्यावर सोपवलेले असते, तिच्याकडूनच एखादी गोष्ट निसटणार, यात नवल ते काय?

अपुरी झोप आणि मनावरचा ताण

दिवसभरात शिकलेले, पाहिलेले मनात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. प्रौढ माणसाला साधारण सात ते आठ तास झोप लागते. घरात सर्वांत शेवटी झोपणारी आणि सर्वांत आधी उठणारी व्यक्ती बहुधा एकच असते. त्यात रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहण्याची भर पडली, की दुसऱ्या दिवशी डोके जड राहणारच. झोप पुरेशी होऊनही दिवसा डुलक्या येत असतील आणि रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे असा त्रास असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

काळजीने भरलेल्या मनातही नव्या गोष्टींना जागा उरत नाही. कर्ज, मुलाची दहावी, घरातले आजारपण असे विचार आतल्या आत चालूच राहतात. मन सतत उदास राहणे हेही विस्मरणाचे मोठे कारण आहे. वडीलधाऱ्यांत तर ही उदासी कधी कधी हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखी दिसते. उपचारांनी ती दूर झाली, की विस्मरणही बरेच कमी होते.

दोष शरीरातही असू शकतो

थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले, की विचारही मंदावतात. सोबत थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, केस गळणे अशी लक्षणे दिसतात. स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. साध्या रक्ततपासणीने तो कळतो आणि औषधाने आटोक्यात राहतो.

बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत विशेष दिसते, कारण ते मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतून मिळते. हातापायांना मुंग्या येणे, तोंड येणे, अशक्तपणा आणि विस्मरण अशी त्याची लक्षणे आहेत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकते. वेळीच लक्ष दिले नाही, तर मज्जातंतूंना कायमची इजा होण्याचा धोका असतो.

सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि झोपेची औषधे यांनीही स्मरण मंदावते. रजोनिवृत्तीच्या काळात अनेकींना शब्द चटकन आठवत नाहीत. आणि आजोबा 'विसरले' म्हणून घरात आरडाओरडा होतो, तेव्हा मुळात त्यांना नीट ऐकूच आलेले नसते, असेही घडते. अशा वेळी त्यांचे कान तपासून घ्यावेत.

केव्हा सावध व्हावे?

किल्ली कुठे ठेवली हे न आठवणे वेगळे आणि किल्ली कशासाठी असते हेच न उमजणे वेगळे. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा स्वयंपाक किंवा पैशांचा हिशेब न जमणे, स्वभाव बदलणे ही लक्षणे दिसल्यास उशीर करू नये. अशा वेळी काळजी बहुधा स्वतः रुग्णाला नव्हे, तर घरच्यांना वाटत असते. 'आता वय झालं' असे म्हणून विषय सोडून देणे धोक्याचे ठरते, कारण त्यात बरे होण्याजोगे कारणही दुर्लक्षित राहते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम घटणे, पक्षाघात अशी कारणे असू शकतात. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावे.

थोडी युक्ती, थोडी वाटणी

किल्ली, चष्मा, पाकीट यांची एकेक जागा ठरवावी. गॅस किंवा कुलूप बंद करताना 'बंद केलं' असे मोठ्याने म्हणावे. त्यामुळे लक्ष त्या कृतीवर येते. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी घ्यावी. कामांची यादी डोक्यात न ठेवता कागदावर उतरवावी. दूध गॅसवर असताना ओट्यापासून हलू नये, किंवा मोबाइलवर गजर लावावा. तपासणी न करता स्मरणशक्तीची टॉनिके घेऊ नयेत. पैसे जातात आणि मूळ कारण तसेच राहते. चालू असलेली औषधेही डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

पण सर्वांत गुणकारी उपाय बाजारात मिळत नाही. वीजबिलाची तारीख यजमानांनी लक्षात ठेवावी, दप्तर मुलांनी स्वतः भरावे, गोळीची वेळ आजोबांनी स्वतःच्या डायरीत लिहावी. घरातल्या कामांची वाटणी पुष्कळ घरांत होऊ लागली आहे. आता लक्षात ठेवण्याचीही व्हायला हवी. मग 'तुझं लक्षच कुठे असतं?' असे विचारण्याची वेळ क्वचितच येईल.